‘आयडल’ म्हणजे रिकामा, पण कुठला रिकामा?

इंटरव्ह्यूमध्ये "मधले आठ महिने काय करत होतात" असं विचारल्यावर तुम्ही "आय वॉज आयडल" म्हणालात, समोरच्या मॅडमनी नुसती मान हलवून पुढचा प्रश्न घेतला, आणि घरी येऊन डिक्शनरी उघडली तर तिथे आयडल म्हणजे रिकामा असं सरळ दिलेलं, मग चुकलं कुठे, आणि रिकामपणाचे हे जे ढीगभर इंग्लिश वाक्प्रचार आहेत त्यातला कुठला कधी वापरायचा, असा तुमचा प्रश्न आहे. मी २२ वर्षं भाषांतर करतेय, त्यातली बरीच वर्षं सबटायटल्सची, आणि जोडीला नोकरी करणाऱ्या लोकांना इंग्लिश शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे आणि डिक्शनरी इथे माणसाला अर्ध्या वाटेत सोडते.

आधी मराठीतच बघा ना. "मोकळा आहेस का", "रिकामाच बसलायस का", "निवांत आहेस का", "कधीपासून ताटकळतोयस". चारही ठिकाणी समोरच्याच्या हातात आत्ता काम नाहीये, पण चारही वेळा ऐकणाऱ्याला वेगळं वाटतं. साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून "सर, रिकामे आहात का" असं तुम्ही जन्मात विचारणार नाही, "सर, मोकळे आहात का" नाहीतर "पाच मिनिटं सवड आहे का" असंच विचाराल, आणि हे तुम्हाला कुणी बसवून शिकवलेलं नाही, ते कानातच आहे. इंग्लिशलाही हाच कान लागतो. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी विचारते, तुला मराठीत काय म्हणायचंय ते सांग, मोकळा, रिकामा, ताटकळलेला की निवांत, ते एकदा ठरलं की इंग्लिश वाक्प्रचार शोधायला फार वेळ लागत नाही. सगळ्या चुका होतात त्या ही पायरी गाळून थेट ‘रिकामा’ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते शोधायला गेल्यामुळे.

आता तुमचा आयडल. हा शब्द मुळात माणसाच्या स्वभावाबद्दल नव्हताच, जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ होता रिता, पोकळ. सुमारे हजार वर्षांपूर्वी एल्फ्रिक नावाच्या धर्मगुरूंनी बायबलमधल्या सृष्टीच्या कथेचं इंग्लिश केलं त्यात पृथ्वी सुरुवातीला ‘आयडल’ होती असं लिहिलंय, म्हणजे ओसाड, रिती. आणि गंमत म्हणजे आज आपण रिकाम्या डब्याला जो ‘एम्प्टी’ शब्द वापरतो तो जुन्या इंग्लिशमध्ये माणसांनाही लागायचा, ज्याला सवड आहे, ज्याच्यामागे काम नाही असा माणूस म्हणजे एम्प्टी. म्हणजे रिता तो आयडल आणि सवड असलेला तो एम्प्टी, पुढे शतकं उलटता उलटता दोघांनी जवळपास जागा बदलल्या. व्हेकेशनचंही तेच, लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘रिकामं असणं’ आहे, व्हेकंट त्याच घरातला. आपला ‘रिकामा’ संस्कृत ‘रिक्त’कडून आलाय, आपणही भांड्याला आणि माणसाला एकच शब्द लावतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण इतक्या लांबच्या भाषा बिनकामाच्या माणसाकडे बघताना एकच चित्र बघतात, पालथं घातलेलं भांडं.

पण तो पोकळपणा आयडलला अजून चिकटलेला आहे. आयडल गॉसिप म्हणजे बिनबुडाच्या गप्पा, आयडल थ्रेट म्हणजे नुसती पोकळ धमकी. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन चालू असतं पण चाक फिरत नाही तेही आयडलिंग, आणि कारखान्यात मशीन आयडल आहे म्हटलं की कुणाला राग येत नाही कारण मशीनला लाज नसते. माणसाला लावला की मात्र तो आरोप होतो. "ही इज आयडल" म्हणजे याच्यात काही दम नाही, हा काही करत नाही आणि करायची इच्छाही नाही. तुम्ही इंटरव्ह्यूमध्ये स्वतःबद्दल तेच सांगून आलात. मराठीत "मी आठ महिने रिकामटेकडा होतो" असं म्हटल्यासारखं झालं ते.

आता सगळ्यात घातक वाक्प्रचाराबद्दल सांगते, ‘टाइम ऑन युअर हॅन्ड्ज’. पुस्तकात याचा अर्थ दिलेला असतो ‘मोकळा वेळ असणे’, आणि वाचणाऱ्याला वाटतं वा, किती सभ्य शब्द आहे. माझा एक विद्यार्थी होता, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, अतिशय मेहनती आणि नम्र मुलगा. परदेशातल्या क्लायंटकडच्या एका सिनियर बाईंचं दुसरं एक काम पुढे ढकललं गेलं होतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने मेलमध्ये लिहिलं, "सिन्स यू हॅव अ लॉट ऑफ टाइम ऑन युअर हॅन्ड्ज धिस वीक, प्लीज रिव्ह्यू द रिपोर्ट". त्याच्या मनात होतं की या आठवड्यात तुम्हाला जरा सवड आहे तर कृपया बघाल का. तिकडून उत्तर आलं दोन शब्दांचं, "विल डू", ना हाय ना थँक्स, आणि पुढचे पंधरा दिवस त्या बाईंचा सूर कोरडा. तो प्रिंट घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला मॅडम मी तर प्लीज लिहिलंय.

प्लीज होतं हो, पण त्याआधी जे होतं त्याचा मराठीत अर्थ असा होतो की "नाहीतरी तुम्हाला या आठवड्यात काही काम दिसत नाहीये". या वाक्प्रचारात वेळ हातावर पडलेला असतो, कुणी मागितलेला नसतो, एखादं ओझं हातावर येऊन पडावं तसा. म्हणून स्वतःबद्दल म्हणायला तो चालतो, "आय हॅव सम टाइम ऑन माय हॅन्ड्ज" म्हणजे माझ्याकडे थोडा वेळ पडलाय, ठीक आहे. पण समोरच्याबद्दल बोलताना जपून, आणि त्यात ‘टू मच’ आलं की थेट टोमणा झाला. कुणीतरी माचिसच्या काड्यांचं जहाज करून दाखवलं आणि बघणारा म्हणाला "समबडी हॅज टू मच टाइम ऑन हिज हॅन्ड्ज", तर ते कौतुक नाही, त्याचा अर्थ याला दुसरा उद्योग दिसत नाही. त्या मुलाला मी पर्याय दिला तो अगदी साधा, "इफ यू हॅव अ मोमेंट धिस वीक, कुड यू लुक अ‍ॅट द रिपोर्ट?" यात गृहीत असं धरलंय की समोरचा बिझी आहे आणि त्यातून तो एक क्षण काढणार आहे. इंग्लिशमध्ये वेळ मागायची रीत हीच आहे, ज्याच्याकडे भरपूर वेळ आहे त्याच्याकडेसुद्धा क्षणभरच मागायचा. ‘स्पेअर’ पण म्हणूनच चालतो, "कॅन यू स्पेअर मी टेन मिनिट्स?", त्यात बचत केल्याचा भाव आहे, तुमच्या भरलेल्या दिवसातून माझ्यासाठी दहा मिनिटं वाचवाल का.

हाच हातावरचा वेळ जड झाला की ‘टाइम हँग्ज हेवी’. यासाठी आपल्याकडे फार नेमकं आहे, वेळ खायला उठतो. घरात एकटं माणूस, आजारपणातून उठलेलं किंवा नुकतंच रिटायर झालेलं, त्याच्याबद्दल हे वापरायचं, त्यात दोष नाही, करुणा आहे.

‘किल टाइम’वर येते. इथे मी स्वतः चुकलेय आणि ती चूक मला अजून लख्ख आठवते. सबटायटल्सची माझी सुरुवातीची वर्षं, एका क्राइम सिरियलचा एपिसोड होता. रात्री स्टेशनच्या बाकावर एक माणूस बसलाय, पोलीस येऊन विचारतो इथे काय करतोयस, तो म्हणतो "जस्ट किलिंग टाइम". मी लिहिलं, "वेळ मारून नेतोय". किल म्हणजे मारणे, टाइम म्हणजे वेळ, आणि वेळ मारणे असा वाक्प्रचार मराठीत आयता तयार आहे, मला वाटलं काय सुंदर जुळलं. तपासणाऱ्या बाईंनी ती ओळ लाल करून परत पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं होतं, हा माणूस निर्दोष आहे, तुम्ही त्याला पहिल्याच सीनमध्ये खोटारडा केलात. मी ते वाचलं आणि सुन्न झाले, कारण खरंच होतं ते. वेळ मारून नेणे म्हणजे अडचणीच्या प्रसंगी काहीतरी थातुरमातुर सांगून निभावून नेणं. मराठी प्रेक्षकाला वाटलं असतं की हा काहीतरी लपवतोय, आणि सबंध एपिसोडचा गाभाच हा होता की त्याने काही लपवलेलं नाही. शेवटी ओळ गेली ती "असाच बसलोय, वेळ जावा म्हणून" अशी.

तेव्हापासून मी हे वेगळं करून शिकवते. किल टाइम म्हणजे पुढे काहीतरी व्हायचंय, गाडी यायचीय, मीटिंग सुरू व्हायचीय, आणि मधला वेळ कसातरी घालवायचाय, म्हणून "आय हॅव ॲन अवर टु किल" हे अगदी निरागस वाक्य आहे. वेस्ट टाइममध्ये दोष आहे, जो वेळ कामी यायला हवा होता तो वाया गेला. फ्रिटर अवे म्हणजे चिल्लर उधळावी तसा थोडाथोडा करत वाया घालवणे, मोबाइल हातात घेतला आणि दुपार गेली, त्याला हा शब्द. आणि आपल्या ‘वेळ मारून नेणे’ला इंग्लिशमध्ये जवळचं हवं असेल तर स्टॉल, किंवा प्ले फॉर टाइम, हे वेळकाढूपणाकडे झुकतात. टाइमपास हा शब्द आपला इतका लाडका आहे की तो इंग्लिशच आहे असं वाटतं, पण भारतीय उपखंडाबाहेर "इट वॉज जस्ट टाइमपास" म्हटलं तर बरेच लोक नुसते बघत राहतात, तिथे "जस्ट टु पास द टाइम" असं अख्खं म्हणावं लागतं.

ताटकळण्याला इंग्लिशमध्ये फार जिवंत चित्रं आहेत. ताटकळत बसणे यात कुणीतरी दुसऱ्याने तुम्हाला बसवून ठेवलंय हे आपोआप येतं, तसंच ब्रिटिश लोकांच्या ‘किक युअर हील्स’मध्ये आणि अमेरिकनांच्या ‘कूल युअर हील्स’मध्ये येतं. टाचा. एकीकडे माणूस उंच खुर्चीवर बसून टाचा आपटत बसलाय, दुसरीकडे चालून चालून तापलेले पाय आता गार व्हायची वेळ आली तरी आत बोलावणं नाही. "ही केप्ट मी कूलिंग माय हील्स फॉर टू अवर्स" म्हणजे त्याने मला दोन तास ताटकळत ठेवलं, तक्रार त्याच्याबद्दल आहे, माझा आळस नाही.

‘ट्विडल युअर थम्ब्ज’ थोडा वेगळा. आत्ता वाचता वाचता करून बघा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा, हात पोटावर ठेवा, आणि दोन्ही अंगठे एकमेकांभोवती फिरवा. बस्स, एवढंच. हात बांधलेले आहेत, काम करता येत नाही, पण आत करायची ऊर्मी आहे ती अंगठ्यांतून बाहेर पडतेय. म्हणून हा वाक्प्रचार आळशाला लावू नका. सिस्टीम डाउन झालीय, सगळा स्टाफ बसून आहे, तिथे "वी वर सिटिंग देअर ट्विडलिंग अवर थम्ब्ज" बरोबर बसतं. लोक याचं भाषांतर ‘माशा मारत बसणे’ असं करतात, ते पुष्कळदा चालून जातं, पण माशा मारण्यात गिऱ्हाईक नाही, धंदा नाही, मागणी नाही असा भाव जास्त आहे आणि अंगठ्यात अडवणूक जास्त आहे, तेव्हा वाक्य बघून ठरवायचं.

आणि ‘ॲट अ लूज एंड’. दोरीचं टोक सुटलेलं, कशालाच बांधलेलं नाही. ब्रिटिश माणूस "आय ॲम ॲट अ लूज एंड धिस ईव्हनिंग" म्हणाला की त्याचा अर्थ संध्याकाळी काही ठरलेलं नाहीये, आणि बहुतेक वेळा त्यात तुम्ही काहीतरी सुचवा अशी अपेक्षाही असते. अमेरिकन माणूस तेच अनेकवचनात म्हणतो, ‘ॲट लूज एंड्ज’, आणि तिथे त्यात बरेचदा जरा अस्वस्थता येते, नोकरी सुटलीय किंवा मुलं शिकायला बाहेर गेलीत आणि आता काय करावं कळत नाही, सैरभैर झाल्यासारखं. म्हणून बोलणारा कुठला आहे ते बघून सिनेमाचं तिकीट काढायचं की धीर द्यायचा ते ठरवा.

आता खऱ्या आळसाकडे. इथे इंग्लिश आणि मराठी दोघींनी हात सैल सोडलाय. बोन आयडल म्हणजे हाडापर्यंत आळशी, ब्रिटिश बोलण्यात खूप येतो, आणि लेझीबोन्समध्येही हाडंच आहेत, आपल्या हाडाचा आळशीला अगदी चपखल. "ही डझन्ट लिफ्ट अ फिंगर" म्हणजे इकडची काडी तिकडे करत नाही. मला ही जोडी फार आवडते कारण दोन्हीकडे सगळ्यात हलकी गोष्ट निवडलीय, तिकडे एक बोट, इकडे एक काडी, आणि तेवढंही होत नाही म्हणून राग. ‘सिट ऑन युअर हॅन्ड्ज’ आणि हातावर हात ठेवून बसणे हेही जवळजवळ सारखे, फक्त लक्षात ठेवा की इंग्लिशवाला मोकळ्या वेळाबद्दल नाही, काहीतरी करायला हवं होतं तेव्हा केलं नाही याबद्दल आहे, म्हणून तो बातम्यांत सरकार, बोर्ड, मॅनेजमेंट यांच्याबद्दल जास्त दिसतो.

डिली-डॅली आणि टंगळमंगळ. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. शब्दच रेंगाळतात, पुढे सरकत नाहीत, एक पाऊल इकडे एक तिकडे. अशी नादावर जुळलेली भाषांतरं वर्षातून एखाददुसरी सापडतात आणि तो दिवस चांगला जातो.

पण ‘ड्रॅग युअर फीट’ला फसू नका. पाय ओढणे असं लिहिलं की मराठीत त्याचा अर्थ दुसऱ्याला मागे खेचणे होतो. इंग्लिशमध्ये स्वतःचेच पाय फरफटत नेणं आहे, म्हणजे चालढकल. तसाच लोफर. इंग्लिशमध्ये लोफर म्हणजे १९व्या शतकात अमेरिकेत रूढ झालेला शब्द, काही न करता हिंडणारा, वेळ घालवणारा माणूस, आणि पुढे त्याच नावाचे बिनलेसचे बूट आले, आरामात पाय सरकवायचे असे. आपल्याकडे येऊन लोफर टवाळखोर, छेड काढणारा झाला. त्यामुळे इंग्लिशमध्ये "ही लोफ्स अराउंड ऑल डे" वाचून त्याला गुंड समजू नका, तो नुसता लोळत पडलेला आहे बिचारा. स्लॅकर आज ऑफिसमधला कामचुकार आहे, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैन्यात जायचं टाळणाऱ्याला स्लॅकर म्हणायचे आणि ती मोठी शिवी होती, जुने पेपर भाषांतर करताना हे माहीत असायला लागतं. शाळा किंवा काम चुकवून पळणे याला ब्रिटिश स्काइव्ह म्हणतात, दांडी मारणे.

काउच पोटॅटोबद्दल प्रत्येक बॅचमध्ये विचारतात की बटाटाच का. हा शब्द १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मला, व्यंगचित्रकार रॉबर्ट आर्मस्ट्राँगच्या मित्रमंडळात. टीव्हीला तेव्हा बोलताना ट्यूब म्हणत, टीव्ही बघत बसणारा तो ट्यूबर, ट्यूबर म्हणजे इंग्लिशमध्ये जमिनीखालचा कंद, आणि कंदांमधला सगळ्यांच्या ओळखीचा तो बटाटा, अशी ती कोटी उलगडून सांगतात. सोफ्यावर पडून पडून माणसाचा आकारही तसाच होतो म्हणून शब्द टिकला असं मला वाटतं. आर्मस्ट्राँगने त्याची चित्रं काढली आणि तो जगभर गेला, इतका की २००५मध्ये ब्रिटनमधल्या बटाटा शेतकऱ्यांनी लंडनला आणि ऑक्सफर्डला निदर्शनं केली, आमच्या चांगल्या पौष्टिक पिकाची बदनामी होते, हा शब्द डिक्शनरीतून काढा, त्याऐवजी ‘काउच स्लाउच’ म्हणा अशी त्यांची मागणी होती. शब्द काही निघाला नाही. भाषांतरात मी ‘सोफ्यावरचा बटाटा’ कधीच करत नाही, टीव्हीसमोर लोळणारा, टीव्हीला चिकटलेला, जसं वाक्य असेल तसं. आता त्याची नवी भावंडं आलीत, बेड रॉटिंग म्हणजे ठरवून दिवसभर अंथरुणात पडून राहणं, आणि गॉब्लिन मोड, जो २०२२मध्ये लोकांच्या मतदानातून ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला, म्हणजे कशाचीही लाज न बाळगता आळशी आणि अव्यवस्थित राहणं. या दोन्हींत आळस कबूल केलाय आणि त्याची माफी मागितलेली नाही, हे नवीन आहे, जुन्या वाक्प्रचारांत हे सापडणार नाही.

जुने वाक्प्रचार याच्या अगदी उलट टोकाला. सैतान रिकाम्या हातांना काम शोधून देतो ही म्हण घ्या, इंग्लिशमध्ये ‘द डेव्हिल मेक्स वर्क फॉर आयडल हॅन्ड्ज’. आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशक कवीने १७१५मध्ये लहान मुलांसाठी कविता लिहिल्या त्यातही हाच विचार आहे, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो पाठ केला. हीच म्हण दुसऱ्या रूपात मन घेऊन येते, रिकामं मन सैतानाचं घर, आणि आपल्याकडे तीच जास्त रुळली. दोघींचाही सूर धाकाचा आहे, रिकामा राहिलास तर पाप करशील. आता आपली अस्सल म्हण बघा, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पूर्वी न्हावी अंगाला तुंबडी लावून दूषित रक्त ओढून काढायचा, गिऱ्हाईक नाही म्हणून तो भिंतीलाच लावतोय. यात पाप नाही, सैतान नाही, कुणाचं काही बिघडतही नाही, हाताला सवय आहे म्हणून हात चाललाय. म्हणून सैतानाच्या म्हणीला न्हाव्याची म्हण लावली की भाषांतर हलकं पडतं, धाक निघून जातो. मी बरीच भाषांतरं तपासते त्यात हे सारखं दिसतं, म्हण दिसली की म्हण चिकटवायची, सूर बघायचा नाही. न्हाव्याची म्हण मला विचाराल तर ‘टू मच टाइम ऑन हिज हॅन्ड्ज’ला जास्त शोभते, ते काड्यांचं जहाज आठवतंय ना.

आणि निवांतपणा. हा भाग शिकवताना लोक पेन खाली ठेवतात, कारण त्यांना वाटतं आळस संपला म्हणजे विषय संपला. पण इंग्लिशमध्ये चांगल्या रिकामपणाचे शब्द खूप आहेत आणि ते वापरता आले तर बोलणं एकदम माणसाळतं. ‘पुट युअर फीट अप’, दिवसभर राबलात आता जरा टेका, हे प्रेमाने म्हणतात, आईला, दमून आलेल्या बायकोला, नवऱ्याला. ‘व्हाइल अवे’, एखादी दुपार पुस्तकात, गप्पांत छान सरली, तिथे हे, किल टाइम नाही, कारण त्या दुपारीनंतर कशाची वाट बघायची नव्हती. ब्रिटिशांचा पॉटर अबाउट, अमेरिकन तोच पटर अराउंड म्हणतात, हा तर मला मराठीत अजून एका शब्दात सापडलेला नाही. रविवारी सकाळी माणूस घरात हिंडतोय, कुंडीतली वाळकी पानं काढ, ड्रॉवर उघडून दोन जुने स्क्रू वेगळे कर, खिडकीची कडी घट्ट कर, घाई नाही, यादी नाही, आणि चेहऱ्यावर समाधान. बारीकसारीक कामं करत बसणे असं लिहिते मी, पण त्यातला संथ आनंद निसटतो. टिवल्याबावल्या म्हणावं तर त्यात रागावणं आलं. कुणाच्या घरात यासाठी शब्द असेल तर मला खरंच हवाय.

लेझर म्हणजे फुरसत, हा शब्दही इथलाच, त्याच्या मुळाशी लॅटिनमध्ये परवानगी आहे, लायसन्स ज्या धातूपासून आला त्यापासूनच. म्हणजे ज्या वेळात मनासारखं वागायची मुभा आहे तो वेळ. आणि स्कूल ग्रीकमध्ये मुळात फुरसतच होती, हातात सवड आहे म्हणून माणसं चर्चा करायला जमली, त्यातून शिकणं, त्यातून शाळा. ‘ॲट युअर लेझर’ मात्र नीट वापरा, "रीड इट ॲट युअर लेझर" म्हणजे सवडीने वाचा, घाई नाही. काम आजच हवं असेल तर हे चुकूनही लिहू नका, कारण समोरचा ते शब्दशः घेईल आणि महिनाभराने वाचेल, आणि चूक त्याची नसेल. लोटस ईटरही अधूनमधून भेटतो, होमरच्या ओडिसीमध्ये खलाशांनी एक फळ खाल्लं आणि घरी परतायचं विसरून त्यांना तिथेच सुखात पडून राहावंसं वाटलं, त्यावरून. तिथलं लोटस म्हणजे आपलं कमळ नाही, त्यामुळे ‘कमळ खाणारा’ करू नका, सुखासीन, ऐषआरामात बुडालेला असं करा. बसमन्स हॉलिडे एवढंच सांगते, सुट्टीतही आपलंच रोजचं काम करत बसणं, बस चालवणारा सुट्टीच्या दिवशी बसमधूनच फिरायला गेला तसं. मी सुट्टीत सिनेमा बघताना खालची सबटायटल्स तपासत बसते, ते तेच.

रोजच्या बोलण्यात मोकळा आहेस का विचारायला ‘फ्री’ पुरतो, "आर यू फ्री ऑन फ्रायडे?" हे कुणालाही, कुठेही चालतं. व्हेकंट नको, ती खोली किंवा पोस्ट असते, माणसाला लावलं तर डोळ्यांत भाव नसलेला असा अर्थ होतो. "आय हॅव नथिंग ऑन टुनाइट" हे ब्रिटिश लोक सर्रास म्हणतात, संध्याकाळी काही ठरलेलं नाही अशा अर्थी, पण त्याचाच दुसरा अर्थ अंगावर कपडे नाहीत असाही होतो, त्यामुळे नवीन ओळखीत "आय हॅव नो प्लॅन्स" बरं.

राहिला तुमचा इंटरव्ह्यू. आधी मराठीत ठरवा की त्या आठ महिन्यांत तुम्ही नक्की कोण होतात. नोकरी सुटली आणि दुसरी शोधत होतात तर "आय वॉज बिटवीन जॉब्ज" म्हणा, हा पूर्ण प्रतिष्ठेचा शब्द आहे, एक नोकरी मागे, एक पुढे, तुम्ही मधे. घरी कुणाचं आजारपण होतं, मूल लहान होतं, तर "आय टुक टाइम ऑफ टु लुक आफ्टर माय फॅमिली", इथे ‘टुक’ महत्त्वाचा, वेळ तुम्ही स्वतः घेतला, तो हातावर येऊन पडला नाही. ठरवून थांबला असाल तर करिअर ब्रेक. नोटीस पिरियडमध्ये कंपनीने पगार देऊन घरी बसवलं असेल तर ब्रिटिश कंपन्यांमध्ये त्याला गार्डनिंग लीव्ह म्हणतात, मग बाग असो नसो. आणि जॉइनिंगची तारीख मिळाली होती पण कंपनी ती पुढे पुढे ढकलत राहिली असं झालं असेल, हे हल्ली खूप ऐकते, तर "माय जॉइनिंग डेट केप्ट गेटिंग पुश्ड बॅक" एवढं सरळ सांगा, जॉइनिंग डेट आपल्याकडचा शब्द आहे, बाहेरच्या कंपनीत स्टार्ट डेट म्हणा. तिथे कूलिंग माय हील्स मनात येईल, नेमकं तेच झालेलं असतं, पण त्यात आधीच्या कंपनीबद्दल तक्रार येते, ते मित्रापाशी बोलायला ठेवा. त्या मॅडमना थँक यू मेल पाठवायचा राहिला असेल तर आजच पाठवा, आणि त्यात एक ओळ घाला, "टु क्लॅरिफाय, आय वॉज बिटवीन जॉब्ज ड्युरिंग दोज एट मन्थ्स", बाकी काही स्पष्टीकरण नको.